आपत्कालीन सेवांचे रेडिओसंच : परस्परसुसंगती चाचणी

पोलीस, अग्निशामक दले, रुग्णवाहिका सेवा व आपत्ती निवारण पथके यांच्या वापरात असलेले, निरनिराळ्या उत्पादकांनी तयार केलेले रेडिओसंच एकमेकांशी निर्वेधपणे संपर्क साधू शकतात की नाही, हे ठरविण्यासाठी घेण्यात येणाऱ्या परीक्षांना परस्परसुसंगती चाचणी असे म्हणतात. एकाच दलातील सर्व संच एकाच उत्पादकाचे असल्यास हा प्रश्न सहसा उद्‌भवत नाही. मोठी आग, भूकंप, विमान अपघात वा स्फोट अशा प्रसंगी मात्र शेजारच्या गावांची व निरनिराळ्या खात्यांची पथके एकाच ठिकाणी जमतात आणि त्यांचे संच वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या उत्पादकांकडून खरेदी केलेले असतात. अशा वेळी त्यांचा परस्परांशी संपर्क होऊ शकला नाही, तर धोक्याचा इशारा एका पथकाला मिळतो व दुसऱ्याला मिळत नाही. उत्पादनांसाठी समान मानक ठरविले म्हणजे ही अडचण दूर होईल, अशी दीर्घकाळ समजूत होती. मानकाचा मजकूर एक असला, तरी प्रत्येक उत्पादक त्याचा अर्थ आपल्या परीने लावतो आणि त्यामुळे प्रत्यक्ष संच एकमेकांसमोर ठेवून तपासल्यावाचून सुसंगतीची खात्री देता येत नाही, ही गोष्ट पुढे अनुभवाने स्पष्ट झाली. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः याच अनुभवाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : आपत्कालीन साधनसामग्रीच्या विसंगतीचे सर्वपरिचित उदाहरण रेडिओच्या वापरापूर्वीचे आहे. ७ व ८ फेब्रुवारी १९०४ या दिवशी अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरात लागलेल्या आगीत दीड हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इ. शहरांहून बंब मदतीस आले. परंतु त्यांपैकी अनेकांच्या नळ्यांचे आटे बॉल्टिमोरच्या पाणीखांबांना बसेनात. पाणी होते, बंब होते आणि माणसेही होती. उणीव होती ती फक्त जोडाची. यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने देशभरातील जोडांची पाहणी केली, तेव्हा त्यांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले. १९०५ मध्ये राष्ट्रीय अग्निप्रतिबंधक संघटनेने आट्यांसाठी एक मानक स्वीकारले. आटा बसतो की नाही हे डोळ्यांनी दिसते व हाताने पडताळता येते. रेडिओसंचांतील ‘आटे’ मात्र अदृश्य असतात आणि म्हणूनच त्यांच्यासाठी पद्धतशीर चाचणीची गरज अधिक असते.

सदृश संचांचा काळ : डिट्रॉइट शहराच्या पोलिसांनी ७ एप्रिल १९२८ रोजी गस्ती मोटारींसाठी एकमार्गी रेडिओ सेवा नियमितपणे सुरू केली. मोटारीत केवळ ग्राही असल्याने शिपायांना संदेश ऐकता येई. उत्तर द्यावयाचे झाल्यास दूरध्वनी गाठावा लागे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन येथे मोटारीतून उलट संदेश पाठविण्याची सोय झाली. १९३५ मध्ये पोलीस संदेशवहन अधिकाऱ्यांची ‘ॲप्को’ ही संघटना स्थापन झाली. पुढे मानकीकरणाच्या कार्यात तिने महत्त्वाचा वाटा उचलला. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅन्येल नोबल यांच्या योजनेनुसार कंप्रता विरूपणावर (संदेशानुसार वाहक तरंगाची कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या बदलण्याच्या पद्धतीवर) आधारलेली द्विमार्गी यंत्रणा राज्यभर उभारण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली.

कंप्रता विरूपणाच्या सदृश संचांमध्ये सुसंगती बऱ्याच अंशी आपोआप साधत असे. दोन संचांची कंप्रता व परिवाहाची (एका संभाषणास लागणाऱ्या कंप्रतापट्ट्याची) रुंदी सारखी असली, की उत्पादक कोणीही असो, बोलणे ऐकू येई. अडचणी मुख्यतः दोन होत्या. पहिली म्हणजे कंप्रतापट्टांची. एका दलाचे संच १५० मेगॅहर्ट्‌झच्या, तर दुसऱ्याचे ४५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास चालत आणि एका पट्टासाठी बांधलेला संच दुसऱ्या पट्टातील संदेश घेऊ शकत नसे. दुसरी अडचण एकाच परिवाहावरील अनेक गटांची होती. नको असलेले संभाषण ऐकू येऊ नये म्हणून आवाजाबरोबर सु. ६७ ते २५० हर्ट्‌झ कंप्रतेचा एक मंद स्वर अखंड पाठविण्याची युक्ती योजण्यात आली. तो स्वर ओळखल्यावरच ग्राहीचा ध्वनिक्षेपक उघडतो. ही एकच युक्ती मोटोरोला, जनरल इलेक्ट्रिक व आरसीए या कंपन्यांनी तीन वेगवेगळ्या नावांनी विकली. इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने या स्वरांच्या कंप्रता मानकबद्ध केल्यामुळे तिन्ही कंपन्यांचे संच एकत्र चालविणे शक्य झाले.

समाईक परिवाह पद्धती : १९७० नंतरच्या दशकात ८०० मेगॅहर्ट्‌झच्या पट्टात नवीन परिवाह उपलब्ध झाले व संगणकनियंत्रित समाईक परिवाह पद्धती पुढे आली. तीत थोडे परिवाह अनेक गटांमध्ये वाटून वापरले जातात. बोलण्याचे बटण दाबताच संच एका नियंत्रण परिवाहावरून मागणी नोंदवितो आणि मध्यवर्ती संगणक त्या गटाला रिकामा परिवाह नेमून देतो. ॲप्कोने ‘प्रकल्प १६’ या नावाने अशा यंत्रणांकडून असलेल्या अपेक्षा निश्चित केल्या. यंत्रणेने कोणते कार्य करावे हे त्यात सांगितले होते. मात्र नियंत्रण परिवाहावरील संकेतांचे स्वरूप एकच असावे असे बंधन नव्हते. परिणामी प्रत्येक मोठ्या उत्पादकाने आपली स्वतंत्र संकेतभाषा निर्माण केली. दोन शेजारी शहरे या अपेक्षांनुसारच यंत्रणा खरेदी करीत आणि तरीही एका शहराचा संच दुसऱ्या शहराच्या यंत्रणेत निरुपयोगी ठरे. एकदा यंत्रणा घेतली, की पुढील संचही त्याच कंपनीकडून घेणे भाग पडे. अशा रीतीने सुसंगतीचा प्रश्न तांत्रिक तसाच आर्थिकही बनला.

१३ जानेवारी १९८२ रोजी एअर फ्लॉरिडा कंपनीचे विमान हिमवादळात वॉशिंग्टन येथील पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. त्यात पुलावरील चौघांसह ७८ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी शहरातील भुयारी रेल्वेलाही अपघात झाला. घटनास्थळी जमलेल्या निरनिराळ्या नगरपालिकांच्या व खात्यांच्या पथकांपाशी समाईक परिवाह नसल्याने त्यांना एकमेकांशी रेडिओवरून बोलणे कठीण झाले. यानंतर त्या परिसरातील दलांनी परस्परसाहाय्याच्या योजना आखल्या. मूळ दोष मात्र यंत्रणांच्या रचनेतच होता.

अंकीय मानकांचा उदय : ऑक्टोबर १९८९ मध्ये ॲप्को, राज्यांच्या दूरसंचार संचालकांची संघटना व अमेरिकेतील काही संघीय संस्था यांनी ‘प्रकल्प २५’ हाती घेतला. प्रकल्प १६ मधील उणीव लक्षात घेऊन या वेळी केवळ कार्ये न सांगता प्रेषक व ग्राही यांच्यामध्ये हवेतून जाणाऱ्या संकेताचे संपूर्ण स्वरूप विहित करण्यात आले. दूरसंचार उद्योग संघटनेने ही मानके प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात १२·५ किलोहर्ट्‌झ रुंदीच्या परिवाहातून दर सेकंदास ९,६०० बिट (द्विमान अंक) पाठविले जातात. त्यांपैकी ४,४०० बिट आवाजाचे, २,८०० बिट त्यातील चुका दुरुस्त करण्यासाठी व उरलेले २,४०० बिट नियंत्रण इ. कामांसाठी असतात. दुसऱ्या टप्प्यात त्याच रुंदीत कालविभागणीने दोन संभाषणे बसविण्यात आली.

यूरोपात या प्रश्नाला देशांच्या सीमांचे परिमाण होते. १९८५ च्या शेंगेन करारानंतर सरहद्दीवरील तपासणी कमी होत गेली व शेजारी देशांच्या पोलिसांमध्ये थेट संपर्काची गरज वाढली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या यूरोपीय दूरसंचार मानक संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ‘टेट्रा’ हे मानक तयार केले. यात २५ किलोहर्ट्‌झच्या एका वाहक तरंगावर कालविभागणीने चार परिवाह मिळतात व एकूण वेग दर सेकंदास ३६,००० बिट असतो. आपत्कालीन सेवांसाठी ३८० ते ४०० मेगॅहर्ट्‌झ या पट्टातील कंप्रता राखून ठेवण्यात आल्या. फ्रान्समध्ये विकसित झालेली ‘टेट्रापोल’ ही वेगळी पद्धतीही काही देशांनी स्वीकारल्याने यूरोपात पूर्ण एकरूपता मात्र आली नाही.

अंकीय संचांमुळे चाचणीचे महत्त्व एका विशेष कारणाने वाढले. सदृश संचांत थोडी विसंगती असल्यास आवाज खरखरीत येतो, पण बहुधा समजतो. अंकीय संचांत एखादा बिट चुकीच्या जागी असला किंवा दोन संचांतील ओळखसंकेत जुळत नसला, तर काहीच ऐकू येत नाही. प्रकल्प २५ मधील प्रत्येक संदेशाबरोबर १२ बिटांचा म्हणजे ४,०९६ संभाव्य मूल्यांपैकी एक असा जाळेसंकेत जातो. हे मूल्य दोन संचांत भिन्न भरलेले असेल, तर कंप्रता, विरूपण व अंतर सर्व योग्य असूनही ग्राही मूक राहतो आणि बोलणाऱ्याला त्याची कल्पनाही येत नाही.

चाचणीचे प्रकार : या संचांच्या चाचण्यांचे तीन वर्ग करण्यात येतात. (१) कार्यमान चाचणी : हीत एकेका संचाचे गुणधर्म मोजतात. उदा., ग्राहीची संवेदनक्षमता मोजताना संकेतजनित्राकडून येणारी शक्ती क्रमाक्रमाने कमी करतात आणि चुकीच्या बिटांचे प्रमाण शेकडा ५ होते, त्या वेळची शक्ती नोंदवितात. प्रेषकाची कंप्रता किती स्थिर आहे व शेजारच्या परिवाहात त्याची किती शक्ती सांडते हेही पाहतात. (२) अनुरूपता चाचणी : संचाने पाठविलेला प्रत्येक बिटसमूह मानकात सांगितल्याप्रमाणेच आहे की नाही, हे विश्लेषक उपकरणाने तपासतात. (३) परस्परसुसंगती चाचणी : यात दोन उत्पादकांची प्रत्यक्ष उपकरणे एकमेकांशी जोडून गटसंभाषण, व्यक्तिगत संभाषण, संकटसूचना, बोलणाऱ्याच्या क्रमांकाचे दर्शन, गुप्तसंकेतन इ. प्रत्येक कार्य करवून पाहतात. प्रयोगशाळेत अँटेनांऐवजी केबली व क्षीणक वापरून संकेताची तीव्रता नियंत्रित ठेवतात, म्हणजे बाहेरील व्यत्ययाचा निष्कर्षावर परिणाम होत नाही.

पहिल्या दोन चाचण्या उत्तीर्ण झालेले दोन संच तिसरीत अनुत्तीर्ण होऊ शकतात. मानकात काही गोष्टी ऐच्छिक असतात. एक उत्पादक त्या समाविष्ट करतो व दुसरा वगळतो. काही ठिकाणी मजकुराचे दोन अर्थ संभवतात. शिवाय एखादा उत्पादक मानकाबाहेरील स्वतःची गुप्तसंकेतन पद्धती अल्प किमतीत देऊ करतो व ती वापरणारे दल शेजाऱ्यांपासून नकळत तुटते. तिसऱ्या चाचणीचा व्यापही मोठा असतो. हातसंचांचे सहा व स्थिर केंद्रांचे पाच उत्पादक असतील, तर तपासावयाच्या जोड्या तीस होतात आणि प्रत्येक जोडीत अनेक कार्ये पहावी लागतात. एका उत्पादकाने संचातील आज्ञावली बदलली, की त्याच्या सर्व जोड्यांची चाचणी नव्याने घेणे इष्ट ठरते.

चाचणी यंत्रणा : टेट्राच्या बाबतीत चाचणीची व्यवस्था प्रारंभापासूनच मानकाला जोडून घेण्यात आली. डिसेंबर १९९४ मध्ये उत्पादक, वापरकर्ते व जाळेचालक यांनी स्थापन केलेल्या टेट्रा संघटनेने मानकातील ऐच्छिक बाबींपैकी कोणत्या सर्वांनी एकाच रीतीने अमलात आणावयाच्या, हे सांगणारे सुसंगती आलेख तयार केले. या आलेखांनुसार एका कंपनीच्या जाळ्यावर दुसऱ्या कंपनीचे संच तपासले जात. रोम येथील इटलीच्या शासकीय दूरसंचार संस्थेचे तज्ञ चाचणीच्या वेळी उपस्थित राहून प्रमाणपत्र देत. कोणते कार्य कोणत्या जोडीत यशस्वी झाले याचे तक्ते सर्वांना पाहण्यासाठी खुले असत आणि त्यामुळे खरेदी करणाऱ्या दलाला केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नसे. एका देशाचे जाळे दुसऱ्या देशाच्या जाळ्याशी जोडणे हे अधिक अवघड ठरले. २००३ मध्ये बेल्जियम, जर्मनी व नेदर्लंड्स यांच्या सरहद्दी मिळतात त्या आखेनच्या परिसरात याविषयी प्रत्यक्ष प्रयोग करण्यात आले. नॉर्वे व स्वीडन यांची निरनिराळ्या उत्पादकांनी उभारलेली राष्ट्रीय जाळी २०१० नंतरच्या दशकात एकमेकांस जोडण्यात आली.

अमेरिकेत मानक आधी व चाचणी बऱ्याच काळाने, असा क्रम झाला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क येथे जागतिक व्यापार केंद्राच्या दोन मनोऱ्यांवर विमाने आदळवण्यात आली. दक्षिणेकडील मनोरा कोसळल्यानंतर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तरेकडील मनोऱ्याची स्थिती बिघडत असल्याचे इशारे पोलिसांच्या परिवाहावर देण्यात आले; ते अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचले नाहीत. दोन्ही दलांचे संच वेगळ्या कंप्रतापट्टांत चालत. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ३४३ जण मरण पावले. घटनेची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ च्या अहवालात संचांच्या मर्यादांबरोबरच दोन दलांतील समन्वयाच्या अभावाकडेही लक्ष वेधले. तेव्हा या हानीचे सर्व कारण रेडिओसंचांत शोधणे योग्य नव्हे. परंतु सुसंगतीचा प्रश्न राष्ट्रीय महत्त्वाचा मानला जाऊ लागला तो या घटनेनंतर.

त्याच दलाच्या एका आधीच्या अनुभवातूनही बोध होण्यासारखा आहे. मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशामकांना नवे अंकीय हातसंच देण्यात आले. थोड्याच दिवसांत तळघरात अडकलेल्या एका अग्निशामकाची मदतीची हाक बाहेरील सहकाऱ्यांना ऐकू आली नाही आणि ते सर्व संच परत घेण्यात आले. ज्या परिस्थितीत संच वापरावयाचा, त्या परिस्थितीत त्याची पुरेशी चाचणी झालेली नव्हती.

यानंतर संघीय अनुदानाचा पैसा मोठ्या प्रमाणावर प्रकल्प २५ च्या संचांकडे वळला. ‘प्रकल्प २५ नुसार’ असा शिक्का उत्पादक स्वतःच मारीत. तो पडताळण्याची औपचारिक सोय नव्हती. राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने घेतलेल्या चाचण्यांत काही संच मानकातील सर्व अपेक्षा पूर्ण करीत नसल्याचे आढळले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही २००७ च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवले. तेव्हा अंतर्गत सुरक्षा खात्याने अनुरूपता मूल्यमापन कार्यक्रम सुरू केला व त्यासाठी २००९ मध्ये पहिल्या आठ प्रयोगशाळांना मान्यता देण्यात आली. उत्पादकाने चाचण्यांचा संक्षिप्त अहवाल व अनुरूपतेचे घोषणापत्र अशी दोन कागदपत्रे खुली करावी, असा दंडक होता. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांपैकी काही उत्पादकांच्याच होत्या. चाचणी स्वतः उत्पादकाने घ्यावी काय, असा आक्षेप यावर घेता येतो. तथापि प्रयोगशाळांचे बाहेरील तज्ञांकडून परीक्षण होत असे आणि निष्कर्ष प्रसिद्ध होत असल्याने प्रतिस्पर्ध्यांना ते तपासता येत. प्रकल्प सुरू झाल्यापासून ही व्यवस्था प्रत्यक्षात येईपर्यंत सु. वीस वर्षे गेली होती.

मर्यादा : दोन संच सुसंगत असणे व त्यांवरील बोलणे समजणे या भिन्न गोष्टी आहेत. आगीच्या जागी पंप, लाकूड कापण्याच्या यांत्रिक करवती व श्वसनयंत्राचे धोक्याचे गजर यांचा प्रचंड गोंगाट असतो. अंकीय संचातील ध्वनिसंकेतक मानवी आवाजाच्या घडणीवर आधारलेला असल्याने गोंगाट व आवाज एकत्र आल्यास शब्द विकृत होतात. अग्निशामक प्रमुखांच्या संघटनेने हा प्रश्न मांडल्यावर अमेरिकेच्या दूरसंचार विज्ञान संस्थेने श्रोत्यांकरवी शब्द ओळखवून चाचण्या घेतल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही प्रकारच्या गोंगाटात जुने सदृश संच अंकीय संचांपेक्षा अधिक सुबोध ठरले. त्यामुळे अनेक अग्निशामक दलांनी घटनास्थळावरील थेट संभाषणासाठी सदृश परिवाह राखून ठेवले.

भारत : भारतात पोलीस बिनतारी समन्वय संचालनालय १९४६ मध्ये अस्तित्वात आले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था राज्यांच्या पोलीस दलांमधील बिनतारी संदेशवहनाचा समन्वय साधते व त्यांना तांत्रिक मार्गदर्शन करते. राज्यांच्या यंत्रणा स्वतंत्रपणे खरेदी केल्या जात असल्यामुळे जुन्या व नव्या, सदृश व अंकीय संचांचे सहअस्तित्व हा येथीलही प्रश्न आहे. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत टेट्रा पद्धतीचे जाळे उभारण्यात आले होते.

अलीकडील प्रगती : भ्रमणध्वनीच्या विस्तृतपट्ट जाळ्यांवरून आपत्कालीन सेवांचे संभाषण चालविण्याची मानके २०१६ पासून उपलब्ध झाली. त्यांच्या बाबतीत मात्र पूर्वीच्या अनुभवाचा लाभ घेण्यात आला. जून २०१७ मध्येच यूरोपीय दूरसंचार मानक संस्थेने फ्रान्समधील आपल्या मुख्यालयात निरनिराळ्या उत्पादकांना एकत्र बोलावून त्यांची उपकरणे एकमेकांशी जोडून पाहण्याचा पहिला चाचणी मेळावा भरविला व पुढे असे मेळावे वेळोवेळी होत राहिले. अशा मेळाव्यांत आढळलेल्या संदिग्ध जागा मानक तयार करणाऱ्या समित्यांना कळविल्या जातात व मजकूर सुधारला जातो. मानक पूर्ण झाल्यावर चाचणी घेण्याऐवजी मानक घडत असतानाच ती घेणे, हा या क्षेत्रातील महत्त्वाचा बदल होय. तरीही प्रयोगशाळेतील निष्कर्ष ठरावीक उपकरणांच्या ठरावीक आज्ञावलीपुरताच खरा असतो. दलांनी आपल्या संचांत भरलेली मूल्ये, शेजारी दलांशी ठरविलेले समाईक परिवाह आणि वर्षातून काही वेळा घेतलेला एकत्रित सराव यांवाचून त्याचा घटनास्थळी उपयोग होत नाही.